‘अहिंसक चूल’ नावाची चूल नसते



आज थोडं कडक लिहिणार आहे. कारण आपल्या बायकांच्या ग्रुपवर गेले पंधरा दिवस एकच फोटो फिरतोय. चकचकीत स्टीलची गोल चूल, खाली छोटा पंखा, शेजारी गोणीभर तपकिरी कांड्या, आणि वर ठळक अक्षरांत लिहिलेलं: ‘जैन परिवारांसाठी अहिंसक चूल. झाड नाही, जीव नाही, धूर नाही.’ चातुर्मासाआधी घराघरांतून मागणी नोंदवा, एकत्र घेतलं तर स्वस्त पडेल, असं आवाहनही आहे. काहींनी नावं दिलीसुद्धा. मी दिलेलं नाही, आणि का दिलेलं नाही ते मला चारचौघींत विचारलं गेलं. त्याचं हे उत्तर.

आधी ही वस्तू काय आहे ते नीट समजून घेऊ. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा किंवा शेतातला काडीकचरा वाळवून, दळून, यंत्राच्या भोकांतून जोराने दाबून काढलेल्या कांड्या. जाडी ६ ते ८ मिलिमीटर. जनावरांची गोळी पेंड पाहिली असेल, तशाच दिसतात. वेगळा डिंक लागत नाही. लाकडातच लिग्निन नावाचा पदार्थ असतो, तो दाबाने आणि उष्णतेने मऊ होतो आणि थंड झाल्यावर कांडी घट्ट धरून ठेवतो. चांगल्या पेलेटमध्ये ओलावा शेकडा १० पेक्षा कमी असतो, म्हणून ती स्वच्छ जळते. आपल्या वखारीतल्या लाकडात, त्यातून पावसाळ्यात, किती पाणी असतं हे मी तुम्हाला सांगायला नको.

कल्पना आपल्याला अगदी नवी आहे असंही नाही. ज्यांच्या आज्या पन्नास-साठ वर्षांपूर्वी शहरात किंवा तालुक्याच्या गावी संसार करत होत्या, त्यांनी भुशाची शेगडी ऐकलेली असेल. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करायची, खालच्या भोकातून दांडा घालायचा, सभोवार भुसा ठासून भरायचा, मग बाटली आणि दांडा अलगद काढून घ्यायचे. हवेला वाट तयार झाली की पेटवायची. एकदा लागली की तासन्‌तास धगधगत राहायची. पेलेटची चूल ही तिचीच शिकलेली नात आहे, एवढंच.

माझी धाकटी नणंद अमेरिकेत, न्यू हॅम्पशायरला राहते. तिच्याकडे अशी शेगडी दिवाणखान्यात आहे, काचेच्या दाराची. वरच्या पेटीत पेलेट ओतायचे, आतलं मळसूत्र ते हळूहळू जाळावर ढकलतं, पंखा गरम हवा घरभर फिरवतो. बाहेर उणे १५ अंश असताना घर तापवावंच लागतं. तेल महाग आहे, लाकूड कापण्याच्या गिरण्या जवळ आहेत, भुसा तिथलाच आहे. १९७० च्या दशकात तेलाची टंचाई झाली, त्यानंतर अमेरिकेत हे इंधन वाढलं. तिच्या शेगडीबद्दल माझी काही तक्रार नाही. ती मला म्हणते, “वहिनी, तुम्ही अजून बंबात लाकडं कसली घालता?” तिचा प्रश्न रास्त आहे. पण तिचं उत्तर श्रीवर्धनला जसंच्या तसं लागू होत नाही. आपल्या किनाऱ्यावर डिसेंबरातसुद्धा घर तापवायची वेळ येत नाही. आपला जाळ लागतो तो पाण्यासाठी: आंघोळीचं पाणी आणि पिण्याचं उकाळलेलं पाणी.

आता त्या तीन दाव्यांकडे येऊ. एकेक घेते.

पहिला दावा, झाड नाही.

भुसा झाडाचाच असतो हे सांगायला शास्त्रज्ञ नको. म्हणणं असं असतं की झाड दुसऱ्याच कामासाठी तोडलेलं असतं, भुसा नुसता उरलेला असतो. जोपर्यंत मागणी थोडी असते तोपर्यंत हे खरंही असतं. पण उरलेल्याला भाव आला की तो उरलेला राहत नाही. इंग्लंडमध्ये यॉर्कशायर परगण्यात ड्रॅक्स नावाचं प्रचंड वीजकेंद्र आहे. आधी ते कोळशावर चालायचं, मग लाकडाच्या पेलेटवर आणलं, आणि सरकारने त्याला हरित म्हणून अनुदान दिलं. तिथे जळणारे पेलेट अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेतून आणि कॅनडातून येतात. २०२२ साली बीबीसीच्या पत्रकारांनी कॅनडातल्या जुन्या नैसर्गिक जंगलातल्या तोडीचा संबंध त्याच्याशी दाखवला तेव्हा मोठा गदारोळ झाला. सुरुवात तिथेही ‘भुसा वाया जातो, तो वापरू’ अशीच होती.

आणि आपल्या जवळचं बोलायचं तर कोकणातल्या लाकडाचे ट्रक तुम्ही रस्त्याला पाहत नाही का? आपल्याकडे बहुतेक डोंगर खासगी मालकीचे. वृक्षतोडीवर बंधन घालणारा कायदा १९६४ पासून आहे, तरी किंजळ, ऐन, आंबा भरलेल्या गाड्या घाट चढतातच. त्यातलं बरंच लाकूड कारखान्यांच्या बॉयलरांत जातं. भुसा आणि काडीकचरा दाबून केलेल्या जाड ओंडक्यांना बाजारात ‘पांढरा कोळसा’ म्हणतात. नाव किती सोवळं! गोणीवर ‘शेतकचऱ्यापासून’ असं छापलेलं असलं तरी गोणीत किती शेत आणि किती डोंगर आहे, हे कांडीकडे पाहून तुम्हाला-मला कळणार नाही. मी त्या विक्रेत्याला फोनवर विचारलं, भुसा कुठल्या गावाचा? तो म्हणाला, “ताई, माल कंपनीचा असतो.” बस. ज्याला माल कुठून येतो ते माहीत नाही, त्याने ‘झाड नाही’ असं छापू नये.

दुसरा दावा, जीव नाही.

हा दावा खास आपल्यासाठी बनवलेला आहे, म्हणून यावर जास्त लिहिते. चुलीत लाकूड घालण्याआधी ते आपटून, झटकून, पुंजणीने चूल पुंजून मगच काडी ओढायची, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. पावसाळ्यात लाकडात वाळवी, घुण, मुंग्या, गोम, कधी विंचूसुद्धा. आपण कितीही जयणा पाळली तरी ढलपीच्या आतला किडा दिसत नाही, आणि जाळ झाल्यावर तो बाहेर पळताना दिसतो तेव्हा पोटात कालवतं. हे दुःख खरं आहे. पेलेटमध्ये ते दिसत नाही, हेही खरं आहे. वाळवलेली, दाबलेली कांडी. तिच्यात किडा राहणारच कुठे?

पण मग लाकडातला किडा गेला कुठे? तो कारखान्यातल्या वाळवणीच्या भट्टीत गेला, दळायच्या यंत्रात गेला, दाबायच्या साच्यात गेला. आपल्या चुलीपाशी मेला असता तर निदान आपल्याला वाचवायची एक संधी होती. तिथे पुंजणी घेऊन कोण उभं असतं?

आपला धर्म इथे फार स्पष्ट बोलतो. हिंसा स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि करणाऱ्याला अनुमोदन देणं, या तिन्हींचा हिशोब एकत्र होतो. प्रतिक्रमणात आपण हे तिन्ही शब्द म्हणतो, मग खरेदीच्या वेळी दुसरा आणि तिसरा शब्द विसरून कसं चालेल? श्रावकाने टाळायचे म्हणून पंधरा धंदे सांगितलेत, पंधरा कर्मादानं. त्यांत अंगारकर्म आहे, म्हणजे भट्टी आणि कोळशाचा उद्योग. वनकर्म आहे, म्हणजे झाडं तोडून विकण्याचा. यंत्रपीलन आहे, म्हणजे यंत्राने पिळण्या-दाबण्याचा. आता तुम्हीच सांगा, झाड, दाबयंत्र आणि जाळ हे तिन्ही जिच्या पोटात आहेत त्या कांडीवर ‘जैन’ असा शिक्का कोणत्या तोंडाने मारायचा? ती यादी धंदा करणाऱ्यासाठी आहे, विकत घेणारीसाठी नाही, हे मला माहीत आहे. पेलेट घेणं पाप आहे असं मी म्हणत नाही. मी म्हणतेय की तिला अहिंसक म्हणणं खोटं आहे.

आणि मुळात अग्नी पेटवला की तेउकायाची हिंसा आलीच. गॅस असो, लाकूड असो, विजेची शेगडी असो. गृहस्थाला ती पूर्ण टाळता येत नाही म्हणून तर आपल्याला मर्यादा दिली आहे. गरजेपुरतं ते अर्थदंड, गरज नसताना केलेलं ते अनर्थदंड. चुलीला अहिंसक म्हटलं की ही मर्यादाच पुसली जाते. अहिंसकच आहे ना, मग बादलीभर जास्त तापवा! ‘साखर नसलेली’ मिठाई आणली की घरातले चार तुकडे जास्त खातात, तसलाच हा प्रकार.

तिसरा दावा, धूर नाही.

इथे मी विक्रेत्याला अर्धे गुण देते. कोरडं इंधन आणि पंख्याची मोजून दिलेली हवा, यामुळे पेलेटचा जाळ आपल्या उघड्या चुलीपेक्षा कितीतरी स्वच्छ असतो. धूर ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. घरातल्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसं मेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्या धुराच्या सगळ्यात जवळ कोण बसतं, ते मी सांगायला नको.

म्हणून मला दुसऱ्या बाजूचाही राग येतो, तो इथेच काढून घेते. दिवेआगरपासून हरिहरेश्वरपर्यंत जागोजागी पाट्या लागल्यात: ‘चुलीवरचं जेवण’. पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात, भाकरीचा फोटो काढतात, चव किती वेगळी म्हणतात आणि रविवारी संध्याकाळी परत जातात. आत फुंकणी घेऊन बसलेल्या बाईचे डोळे कुणी फोटोत घेत नाही. चूल ही आपली संस्कृती आहे असं सांगणाऱ्याने एक श्रावण तिच्यापुढे बसून काढावा, मग संस्कृतीवर व्याख्यान द्यावं. मी चुलीची भक्त म्हणून पेलेटच्या विरोधात लिहितेय, असं कुणी समजू नये.

पण कमी धूर आणि धूर नाही, यांत फरक आहे. पेटवताना धूर होतो, पंखा बंद पडला की होतो, कांडी दमट झाली की होतो. आणि कांडी दमट होणार नाही असं घर श्रीवर्धनात मला दाखवा! कोकण किनाऱ्यावर अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे मिठाची बरणी रडते, पापडांना बुरशी येते, कपाटातल्या साड्यांवर ठिपके पडतात. पेलेटला पाणी लागलं की ती फुगते आणि तिचा पुन्हा भुसा होतो. वर पंखा चालायला वीज हवी, किंवा बॅटरी भरायला तरी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, माड-पोफळी आडव्या झाल्या, कित्येक दिवस वीज नव्हती. त्या दिवसांत या गावात पाणी कशावर तापलं ते आठवा. पडलेल्या झाडांच्या झावळ्या आणि सोडणांवर, तीन दगडांच्या चुलीवर.

साठवणीची आणखी एक गोष्ट पत्रकात नसते. पेलेटचा मोठा साठा बंद खोलीत ठेवला तर त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. युरोपात अशा साठवणीच्या खोलीत शिरलेली माणसं दगावलेली आहेत. एकत्र खरेदी करून पन्नास गोण्या कुणाच्या तरी तळघरात किंवा बंद खोलीत रचायचा विचार असेल, तर आधी हे वाचा. खोली हवेशीर नसेल तर तो साठा करूच नका.

हे झाले तीन दावे. पण माझा सगळ्यात मोठा आक्षेप अजून बाकी आहे, तो पैशाचा आणि किल्लीचा. किल्ली म्हणजे इंधनाची किल्ली कुणाच्या कमरेला, तो प्रश्न.

महाराष्ट्राने ही गोष्ट एकदा पुरती पाहिलेली आहे, आणि आपण ती विसरलोय. २००६ च्या सुमारास ‘ऊर्जा’ नावाची पेलेटची चूल बाजारात आली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचं तंत्र, बीपी या मोठ्या तेल कंपनीचा पैसा. छोटा पंखा, भरता येणारी बॅटरी, वरून पेलेट भरायचे आणि तासभर स्वयंपाक. चूल चांगलीच होती, यात वाद नाही. महाराष्ट्र, कर्नाटक, तमिळनाडूत मिळून सुमारे चार लाख चुली खपल्या. गावोगावच्या बायकांनी साठवलेले पैसे काढून घेतल्या. पेलेट शेतकचऱ्याचे होते: उसाची चिपाडं, शेंगांची टरफलं. २००९ मध्ये हा व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जी या कंपनीकडे गेला.

मग काय झालं? तोच शेतकचरा कारखान्यांच्या बॉयलरांनाही हवा झाला. चिपाडाला, टरफलाला भाव आला. कच्चा माल महागला तसे पेलेट महागले, आणि घरगुती गिऱ्हाईक गळायला लागलं. शेवटी कंपनी घरांचा बाजार सोडून हॉटेलांकडे आणि उद्योगांकडे वळली. तिथे माल टनांनी जातो, भाव परवडतो. घरातल्या चुली तशाच राहिल्या. चूल धडधाकट, तिला घालायला काही नाही. त्या चुलीत साधी ढलपी घालून पाहिली तर ती तिच्यासाठी बनवलेलीच नव्हती.

माझं माहेर कराडकडचं. गुऱ्हाळाच्या चुलाणात चिपाडं जळताना बघत मी मोठी झाले. ज्या चिपाडाला पूर्वी कुणी विचारत नव्हतं त्याचं मोल कसं वाढलं, हे त्या भागातल्या कुणालाही विचारा. म्हणून मला त्या कंपनीत कुणी लबाड होतं असं वाटत नाही. हिशोबच तसा आहे. एकाच कारखान्याच्या एकाच मापाच्या इंधनावर चालणारी चूल घेतली की स्वयंपाकघर त्या कारखान्याच्या दाराशी बांधलं जातं.

हे गरीब देशातच होतं असंही नाही. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, युरोपीय संघाने रशियाच्या लाकडावर बंदी घातली, आणि बघता बघता जर्मनी-इटलीत पेलेटचे भाव दुपटीहून वर गेले. शेगडी घेताना ‘सगळ्यात स्वस्त ऊब’ म्हणून घेतलेली होती. त्या हिवाळ्यात तिथल्या घरांनी काय केलं असेल? पण त्यांच्याकडे पर्याय विकत घ्यायला पैसे होते. आपल्याकडे वाडीत काम करणाऱ्या बाईकडे ते नसतात.

आता आपला हिशोब करू. कागद-पेन्सिल घ्या. दहा लिटर पाणी २७ अंशांवरून उकळीला आणायला साधारण ७३० किलोकॅलरी उष्णता लागते. लाकडाच्या एक किलो पेलेटमध्ये साधारण ४,२०० किलोकॅलरी असतात, एक किलो गॅसमध्ये साधारण ११,०००. पेलेटच्या चुलीवर शेकडा ४० भांड्यात उतरते आणि गॅसवर शेकडा ६०, असं धरू. म्हणजे त्याच दहा लिटरला पेलेट लागतात सुमारे ४३५ ग्रॅम आणि गॅस लागतो सुमारे ११० ग्रॅम. चौपट फरक. याचा अर्थ, पेलेटचा किलो गॅसच्या किलोच्या पाव भावात मिळाला तरच बरोबरी. १४.२ किलोचं सिलिंडर ८५० ते ९०० रुपयांना धरलं तर गॅस किलोला ६० ते ६३ रुपये पडतो. त्याचा चौथा हिस्सा पंधरा-सोळा रुपये. माणगाव-म्हसळ्याच्या रस्त्याने गोणी आपल्या दारात पोचेपर्यंतचं भाडं धरून त्या भावात बसते का, ते विक्रेत्याला लेखी विचारा. नुसता आजचा भाव नको, पुढच्या दोन चातुर्मासांचा विचारा. तो लिहून देणार नाही. कुणीच देऊ शकणार नाही.

उकाळलेल्या पाण्याचा मुद्दा मी मुद्दाम घेतला, कारण आपल्या घरांत तो रोजचा आहे. त्या पाण्याची मुदत पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार, उन्हाळ्यात पाच. म्हणजे पावसाळ्यात नऊ तास. ज्या महिन्यांत लाकूड ओलं, वीज बेभरवशाची, पेलेट दमट, त्याच महिन्यांत पाणी सगळ्यात जास्त वेळा उकळायचं. तेव्हा ऐन चातुर्मासासाठी म्हणून ही चूल घेणं म्हणजे होडी समुद्रात उतरवताना तिचं भोक मोजण्यासारखं आहे.

“मग तुम्ही काय करता?” असं विचाराल. विचारायलाच हवं. नुसती टीका करणारीकडे कुणी पाणी मागायला जात नाही.

आमच्याकडे पिण्याचं पाणी गॅसवर उकळतं. मोजून, झाकण ठेवून, दिवसाला लागेल तेवढंच. झाकणाने किती फरक पडतो ते एकदा घड्याळ लावून बघा. गॅसवर उकळलेल्या पाण्यात काही कमी पवित्रता असते असं मला कुणी सांगितलेलं नाही.

आंघोळीचं पाणी ऑक्टोबरपासून मेपर्यंत उन्हावर. गच्चीवर काळी टाकी आहे, दुपारी तिचं पाणी हाताला चटका देतं. ज्यांना जमतं त्यांनी सौर बंब बसवावा. उन्हाने तापलेल्या पाण्याइतकी कमी हिंसा कुठल्याच गोणीत भरून मिळत नाही, आणि आठ महिने ते फुकट आहे.

पावसाळ्यात बंब पेटतो. त्यात आपल्याच वाडीची सोडणं, करवंट्या, चुडतांचे देठ. एप्रिल-मेच्या उन्हात ती खणखणीत वाळवायची, जमिनीला न टेकवता पडवीच्या माळ्यावर रचायची, म्हणजे वाळवी लागत नाही आणि जयणाही साधते. वापरायच्या आदल्या दिवशी खाली काढून झटकून ठेवायची, किडामुंगी असेल तर रात्रीत वाट काढते. बंबाला धुराडं हवं, आणि ते वर्षातून एकदा झाडलंच पाहिजे. १९८३ साली देशात सुधारित चुलींचा मोठा कार्यक्रम सुरू झाला, २००२ मध्ये तो संपला. लाखो चुली बसल्या. त्यातल्या कितीतरी धुराडं तुंबलं, चूल फुटली, दुरुस्तीला कुणी आलं नाही, म्हणून सोडून दिल्या गेल्या. चूल बसवण्याचा फोटो निघतो, धुराडं झाडण्याचा निघत नाही. उज्ज्वला योजनेत २०१६ पासून सिलिंडर घरात आलं हे चांगलंच झालं, पण दुसरं सिलिंडर भरायला पैसे हवेत, हा प्रश्न त्या योजनेलाही चुकलेला नाही.

पेलेटला माझा कायमचा नकार आहे का? नाही. उद्या श्रीवर्धनातच, रोठा सुपारीच्या सालींचे, झावळ्यांचे, विऱ्यांचे पेलेट करणारं छोटं यंत्र कुणी चालवलं; माल कुठल्या वाडीचा ते सांगितलं; आणि चूल अशी दिली की तिच्यात पेलेट नसतील तेव्हा करवंटीही जळेल, तर मी पहिली जाऊन बघेन. आज हा सगळा पाला वाड्यांतून नुसता पेटवून दिला जातो, तो धूरही आपलाच. आपल्या गावात सुपारीचं संशोधन केंद्र आहे. कुणीतरी त्यांच्याकडे जाऊन या सालींचं आणि विऱ्यांचं काय करता येईल ते विचारावं. एकत्र मागणी नोंदवायची तर तिथे नोंदवू.

तोवर ग्रुपवर नाव देण्याआधी त्या विक्रेत्याला चार प्रश्न विचारा. भुसा कुठून येतो? तुमचे पेलेट मिळाले नाहीत तर या चुलीत दुसरं काय जळेल? वीज नसताना ती किती वेळ चालेल? पंखा बिघडला तर श्रीवर्धनला येऊन दुरुस्त कोण करेल? चारांची उत्तरं सरळ आली तर खुशाल घ्या. मला वाईट वाटणार नाही. चूल म्हणून घ्या, सोय म्हणून घ्या, धूर कमी होतो म्हणून घ्या.

फक्त त्या पत्रकावरचा ‘अहिंसक’ हा शब्द खोडायला सांगा. तो शब्द आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या उपासाने, गाळण्याने, पुंजणीने, सूर्यास्ताआधी उरकलेल्या जेवणाने सांभाळला गेलाय. गोणीवर छापून किलोच्या भावाने विकायला तो कुणाच्या मालकीचा नाही. मी माझ्यापुरतं ग्रुपवर हेच लिहून टाकलंय. तुम्हाला पटलं तर तुम्हीही लिहा. नाही पटलं तर खाली भांडा, पण हिशोब मांडून भांडा.

जय जिनेंद्र.